टाळूच्या खिडकीतून



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत आणि आम्हां मराठीच्या मंडळींना "तुमच्या कवींना एकदा प्रयोगशाळेत पाठवा" असे थट्टेने सुनावीत. त्यांच्या नावाने बोलावयाचे तर विषयही त्यांच्या प्रांतातला असावा, असे मला वाटले. तान्ह्या मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया चालू असताना त्यांच्या देहात, विशेषतः मेंदूत, रक्त कसे वाहते आहे हे ध्वनीच्या साहाय्याने पाहण्याचा प्रयत्न गेल्या काही दशकांत झाला. त्या प्रयत्नाची कथा मी आज मांडणार आहे. मी वैद्य नव्हे. वैद्यकीय सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. परंतु इतिहास हा शब्दांचा, माणसांचा आणि त्यांच्या शंकांचाही असतो, आणि तेवढ्यापुरता तो माझ्या कक्षेत येतो.

आपल्याकडे तान्ह्या बाळाची टाळू भरण्याची रीत आहे. न्हाऊ घालण्यापूर्वी आजी बाळाच्या माथ्यावर, जेथे कवटीची हाडे अद्याप जुळलेली नसतात, तेथे कोमट तेल जिरवते. तेल जिरवताना तिच्या बोटांखाली टाळू उडत असते. टाळू खोल गेली तर बाळाच्या अंगातले पाणी कमी झाले, ती फुगून वर आली तर आत काही बिघडले, हे तिला पुस्तकावाचून ठाऊक असते. त्या बोटांखाली जे उडते ते मेंदूकडे निघालेल्या रक्ताचे ठोके होत. मध्ये हाड नाही म्हणून ते बोटाला जाणवतात. आणि मध्ये हाड नाही म्हणूनच ध्वनिलहरींनाही तेथून आत वाट मिळते. प्रौढ माणसाची कवटी त्यांना बहुतांशी अडवते. बाळाची टाळू ही मात्र उघडी खिडकी आहे. दीड वर्षाच्या आसपास ती बंद होते. ज्या काळात ती उघडी असते, नेमक्या त्याच काळात हृदयाच्या अनेक जन्मजात व्यंगांवर शस्त्रक्रिया कराव्या लागतात.

दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बालके हृदयात काही ना काही व्यंग घेऊन येतात. कुणाच्या पडद्यात छिद्र, कुणाची झडप अरुंद, कुणाच्या दोन्ही महाधमन्या उलट्या जागी जोडलेल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या मुलांसाठी करण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते. हृदय हा अवयव शल्यविशारदाच्या शस्त्राने स्पर्श करण्याजोगा नाही, अशी धारणा होती, आणि ती निव्वळ अंधश्रद्धा नव्हती. हृदय थांबले की मेंदूला रक्त मिळेनासे होते आणि चार-पाच मिनिटांत त्याला इजा होऊ लागते, या कठोर अनुभवावर ती उभी होती.

पहिली वाट निघाली ती हृदयाला हात न लावता, त्याच्या शेजारच्या रक्तवाहिन्यांवर. २६ ऑगस्ट १९३८ रोजी बॉस्टन येथील बालरुग्णालयात रॉबर्ट ग्रॉस या तरुण शल्यविशारदाने सात वर्षांच्या एका मुलीची, जन्मानंतर बंद व्हावयास हवी असलेली पण उघडीच राहिलेली एक नलिका बांधून टाकली. त्याचे वरिष्ठ त्या वेळी रजेवर होते, हा तपशील या क्षेत्रातील लोक मोठ्या चवीने सांगतात. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा तपशील. शस्त्रक्रिया चालू असताना ग्रॉसने त्या रक्तवाहिनीवर स्टेथस्कोप टेकवून ऐकले, तेव्हा आत कानठळ्या बसाव्यात असा अखंड घोष चालला होता. बोटाखाली थरथर जाणवत होती. नलिका बांधली आणि घोष थांबला, थरथर विरली. शस्त्रक्रिया चालू असतानाच रक्तप्रवाह कानाने आणि बोटाने पारखण्याचे हे फार चांगले उदाहरण आहे. श्राव्यातीत ध्वनी अजून दूर होता, पण प्रश्न तोच होता: माझ्या हातांनी मी जे केले, त्याने आतला प्रवाह खरोखर बदलला काय?

यानंतरची कथा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातली आहे, आणि तिच्यापाशी मी थोडा रेंगाळणार आहे. तेथे डॉ. हेलन टॉसिग बालहृदयरोगांचा दवाखाना चालवीत. तिशीच्या सुमारास बाईंची श्रवणशक्ती क्षीण होऊ लागली. ज्या शास्त्राचे मुख्य साधन स्टेथस्कोप, त्या शास्त्रातल्या वैद्याला ऐकू येईनासे व्हावे! बाईंनी तळहात आणि बोटे मुलांच्या छातीवर ठेवून हृदयाची भाषा वाचण्याचा अभ्यास केला. त्यांच्याकडे येणारी कित्येक मुले निळी असत. ओठ, नखे, जीभ सारे जांभळट. दहा पावले चालले की उकिडवी बसणारी. आपल्याकडेही अशा मुलाविषयी 'बाळ निळे पडते' असेच म्हणतात. या मुलांच्या फुप्फुसांकडे पुरेसे रक्त जात नाही, हे टॉसिगबाईंनी ओळखले. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ग्रॉसने जी नलिका बांधली, ती या मुलांच्या बाबतीत उघडी असेपर्यंत मूल बरे असते आणि ती बंद झाली की अधिकच निळे पडते. मग अशी नलिका कृत्रिमरीत्या का निर्माण करू नये? हा प्रश्न घेऊन त्या प्रथम ग्रॉसकडेच गेल्या. नलिका बंद करण्यात कीर्ती मिळविलेल्या ग्रॉसला नलिका उघडण्याची कल्पना रुचली नाही.

१९४१ साली आल्फ्रेड ब्लेलॉक हे शल्यविशारद हॉपकिन्सला आले आणि त्यांच्यासोबत व्हिव्हियन थॉमस हे त्यांचे प्रयोगशाळा-सहायक आले. थॉमस हे कृष्णवर्णीय. सुतारकाम शिकलेले. वैद्यक शिकण्यासाठी साठवलेले पैसे महामंदीत बँक बुडाल्याने गेले, म्हणून प्रयोगशाळेत नोकरीला लागले. कागदोपत्री त्यांचा दर्जा बराच काळ सफाई-कामगाराचा होता. हाताला जाणाऱ्या धमनीचे टोक फुप्फुसधमनीला कसे जोडावयाचे, हे तंत्र कुत्र्यांवर शेकडो प्रयोग करून बसविले ते प्रामुख्याने थॉमस यांनी. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या एका मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली. शस्त्र ब्लेलॉक यांच्या हाती होते. त्यांच्या खांद्यामागे स्टुलावर उभे राहून थॉमस टाके कसे घ्यावयाचे ते सांगत होते. ती मुलगी त्या दिवशी वाचली, तथापि काही महिन्यांनी दगावली. तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा होता. चिमटे सोडले आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरच त्याचे निळे ओठ गुलाबी झाले. हॉपकिन्सने थॉमस यांना १९७६ साली मानद डॉक्टरेट दिली. बत्तीस वर्षांनी का होईना, दिली. आज या शस्त्रक्रियेच्या नावात ब्लेलॉक आणि टॉसिग यांच्याबरोबर थॉमस यांचेही नाव घेण्याची प्रथा पडत चालली आहे. असो.

या सर्व वृत्तान्तात यशाची खूण कोणती, ते पाहा. ओठांचा रंग. बोटाखालची थरथर. मूल टेबलावरून जिवंत खाली उतरले की नाही. यापलीकडे पारखण्याचे साधन नव्हते, आणि त्या काळी अधिक कशाची अपेक्षाही नव्हती. मरणारे मूल जगले, एवढे पुरेसे होते.

हृदय उघडून आत शिरण्याचा दिवस त्यानंतर लवकरच आला. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधारे अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र बंद केले. पुढच्याच वर्षी, २६ मार्च १९५४ रोजी, मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राऐवजी बापालाच यंत्र केले. वर्षभराच्या मुलाचे रक्त पित्याच्या देहातून फिरवून आणले आणि तेवढ्या वेळात मुलाच्या हृदयातील पडदा शिवला. एका शस्त्रक्रियेत दोघांचा मृत्यू ओढवू शकेल, अशी टीका तेव्हा झाली. तो मुलगा अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेला. तरीही लिलेहाय यांनी हा मार्ग पंचेचाळीस रुग्णांपर्यंत नेला, आणि पुढे यंत्रे सुधारल्यावर तो सोडून दिला.

तान्ह्या मुलांसाठी मात्र यंत्रही अवजडच ठरे. मुठीएवढ्याही नसलेल्या हृदयात नळ्या बसविल्या की शस्त्र चालविण्यास जागा राहत नसे. म्हणून जपानमध्ये आणि न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे बॅरेट-बॉइस यांच्या हाती दुसरी रीत १९६० च्या दशकात आकारास आली. बाळाचा देह अठरा-वीस अंश सेल्सियसपर्यंत थंड करावयाचा आणि मग रक्ताभिसरणच पूर्णपणे थांबवावयाचे. हृदय स्तब्ध, रक्त स्तब्ध, श्वास स्तब्ध. थंडीमुळे मेंदूची प्राणवायूची भूक अगदी मंदावते, त्यामुळे चार-पाच मिनिटांऐवजी पुष्कळ अधिक वेळ मिळतो. किती अधिक? येथे सगळ्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे लागे. तेवढ्या वेळात मेंदूत काय चालले आहे, हे विचारण्याचे साधन नव्हते. मूल जागे होई, दूध पिई, हसे. त्याचे हात-पाय, बोलणे, शिकणे यांत काही उणे राहिले असल्यास ते कळावयास वर्षे लोटत.

आता कथेचा दुसरा धागा घेऊ. त्याचा हृदयाशी आरंभी काहीच संबंध नव्हता. २५ मे १८४२ रोजी प्राग येथे ख्रिस्तियन डॉप्लर या ऑस्ट्रियन गणितज्ञाने जोडताऱ्यांच्या रंगांविषयी एक निबंध वाचला. लहरींचा उगम आपल्याकडे येत असेल तर त्यांची कंपने आपल्याला अधिक जाणवतात, दूर जात असेल तर कमी, हे त्याचे तत्त्व. ताऱ्यांच्या रंगांचे त्याने केलेले स्पष्टीकरण पुढे चुकीचे ठरले. तत्त्व मात्र टिकले. १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बॅलट या संशोधकाने ते तपासून पाहिले तेही मोठे मौजेचे आहे. उत्रेख्तजवळच्या लोहमार्गावर उघड्या डब्यात वादक बसविले, मार्गाच्या कडेला सुरांचा कान असलेले दुसरे वादक उभे केले. इंजिन जवळ येताना तुतारीचा सूर चढलेला आणि दूर जाताना उतरलेला त्यांनी ऐकला. आगगाडीची शिटी आपल्यापुढून जाताना कशी उतरते, हे लोहमार्गाजवळ राहणाऱ्या कुणालाही नव्याने सांगावयास नको.

लहरी पाठविण्याचे साधन आणखी वेगळ्या दिशेने आले. १८८० साली पिएर आणि झाक क्यूरी या बंधूंना असे आढळले की काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत विद्युत् निर्माण होते. उलटपक्षी विद्युत् दिली की स्फटिक कंप पावतो, हेही पुढे सिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी याच गुणाचा उपयोग पाणबुड्या हुडकण्यासाठी केला. त्यानंतर हेच तंत्र धातूच्या पत्र्यांतील भेगा शोधण्यासाठी कारखान्यांत शिरले. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडे ऐकत नाही. येथे कंपने लाखांच्या घरात. त्यांना आपण मराठीत 'श्राव्यातीत' म्हणतो. मला हा शब्द प्रिय आहे. १९३१ साली सयाजीशासनशब्दकल्पतरू सिद्ध करणाऱ्या या बडोद्यात परिभाषेचे कौतुक नव्याने करावयास नको, पण व्यवहारात 'सोनोग्राफी' हाच शब्द रुळला, हे मान्य केले पाहिजे. आणि तो शब्द आपल्या देशात एका काळ्या छायेसह रुळला, हेही. याच लहरींनी गर्भातील मुलगी ओळखून तिला नाहीसे करण्याचा व्यवसाय चालला; महाराष्ट्राला १९८८ साली आणि केंद्राला १९९४ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. लहरींना त्याचे काय!

स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ होते. झडपेवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी ती अरुंद आहे की गळकी, हे निश्चित सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर असे, आणि निदान चुकले तर रुग्णाच्या जिवावर बेते. त्यांनी हेल्मुट हर्ट्झ या पदार्थवैज्ञानिकाला विचारले, रडारसारखे काही हृदयासाठी नाही का? हे हर्ट्झ नोबेल पारितोषिकविजेते गुस्ताव्ह हर्ट्झ यांचे चिरंजीव. ज्यांच्या नावाने आपण कंपने मोजतो ते हाइन्रिश हर्ट्झ त्याच घराण्यातले. हेल्मुट यांनी माल्मो येथील जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूच्या भेगा शोधणारे यंत्र पाहिले आणि ते स्वतःच्या छातीवर लावून बघितले. पडद्यावर काहीतरी हलताना दिसले. मग तसेच एक यंत्र मिळवून २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी धडधडत्या हृदयाच्या प्रतिध्वनीचे पहिले आलेखन केले. ज्या वर्षी गिबन यांनी हृदय उघडले, त्याच वर्षी हृदय न उघडता पाहण्याची ही सुरुवात झाली.

परंतु यात दिसत होत्या त्या भिंती आणि झडपा. रक्त दिसत नव्हते. रक्ताच्या वेगाकडे नेणारी वाट ओसाका येथील शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात दाखविली. डॉप्लरच्या ताऱ्यांच्या जागी आता तांबड्या पेशी आल्या. त्यांच्यावर आदळून परतणाऱ्या लहरींची कंपने किंचित बदललेली असतात, आणि त्या बदलावरून वेग काढता येतो. यात एक मोठी सुंदर गोष्ट आहे. सेकंदाला वीस लाख कंपनांची लहर पाठविली आणि रक्त सेकंदाला एक मीटर वेगाने समोर येत असले, तर फरक पडतो सुमारे २,६०० कंपनांचा. म्हणजे जो ध्वनी पाठविला तो श्राव्यातीत, पण त्यातला फरक मात्र आपल्या कानाला सहज ऐकू येणारा! यंत्र तो फरक ध्वनिक्षेपकावर सोडते आणि रक्त सुसाट वाऱ्यासारखे ऐकू येते. ग्रॉसने स्टेथस्कोपने ऐकलेला घोष अशा रीतीने मोजमापासह परत आला.

पुढचे टप्पे मी झपाट्याने सांगतो. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे लिव्ह हाटले या हृदयरोगतज्ज्ञ आणि ब्यॉर्न आंगेल्सेन हे अभियंता यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून असे दाखवून दिले की अरुंद जागेतून उसळणाऱ्या रक्ताच्या वेगाचा वर्ग करून त्याला चाराने गुणले की दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मिळतो. वेग सेकंदाला चार मीटर असेल तर फरक चौसष्ट मिलिमीटर पारा. ज्यासाठी पूर्वी मुलाच्या मांडीतून हृदयापर्यंत नळी घालावी लागे, ते बऱ्याच अंशी छातीवर प्रोब टेकवून कळू लागले. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानी संशोधकांनी या वेगांना रंग दिले. प्रोबकडे येणारे रक्त तांबडे, दूर जाणारे निळे. या रंगांचा शुद्ध-अशुद्ध रक्ताशी काही संबंध नाही, तो केवळ संकेत आहे. पण 'निळ्या बाळां'च्या इतिहासात पुन्हा तेच दोन रंग यावेत याची गंमत वाटते खरी.

हे रंग १९८० च्या दशकातच शस्त्रक्रियागृहात पोहोचले. निर्जंतुक पिशवीत घातलेला प्रोब शल्यविशारद थेट उघड्या हृदयावर ठेवू लागले. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात रॉस अंगरलायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मजात व्यंगांसाठी हे पद्धतशीरपणे केले. दशकाच्या अखेरीस अन्ननलिकेतून घालण्याजोगे बारीक प्रोब निघाले आणि हृदयाला हात न लावता मागच्या बाजूने पाहता येऊ लागले. अर्थात अगदी लहान बाळाच्या अन्ननलिकेत प्रोब गेला की शेजारची श्वासनलिका दबण्याचा धोका असतो, म्हणून तेथे जुनी रीतही शिल्लक राहिली.

यामुळे शल्यविशारदाच्या जीवनात काय बदलले, याची कल्पना करून पाहा. पूर्वी तो शिवून झाल्यावर बोटाने चाचपून समाधान मानी. शिवणीतून रक्त निसटत असेल तर ते पुढे कधी ताप, धाप, अशक्तपणा यांतून कळे, आणि तोवर छाती मिटलेली असे. आता यंत्रावरून बाळ उतरविल्याबरोबर, छाती उघडी असतानाच, पडद्यावर रंगाची एक बारीक चिळकांडी दिसते. ती दुर्लक्ष करण्याजोगी आहे, की बाळाला पुन्हा यंत्रावर घेऊन शिवण उसवावयाची? पुन्हा यंत्रावर घेणे म्हणजे पुन्हा धोका. न घेणे म्हणजे व्यंग ठेवून मुलाला घरी पाठविणे. दमलेल्या माणसाला, सहकाऱ्यांच्या देखत, आपल्या हातच्या कामाचा निकाल तेथल्या तेथे पाहावा लागतो. या प्रकारची परीक्षा आम्हां अध्यापकांना कधी द्यावी लागली नाही, आणि बरेच झाले!

आता मेंदूकडे वळू, कारण माझ्या मते या इतिहासाचे मर्म तेथे आहे. १९७९ साली नवजात बालकांच्या टाळूवर डॉप्लर प्रोब ठेवून मेंदूच्या पुढच्या धमनीतील प्रवाह टिपण्यात आला. १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे रुने ओस्लिड आणि सहकाऱ्यांनी कानशिलाच्या पातळ हाडातूनही मेंदूच्या धमन्या ऐकता येतात हे दाखविले. लवकरच हे साधन शस्त्रक्रियेच्या टेबलावर आले. टोरोंटोच्या बालरुग्णालयातील भूलतज्ज्ञांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी थंड केलेल्या बालकांवर जे निरीक्षण केले, ते महत्त्वाचे ठरले. निरोगी देहात रक्तदाब थोडा वर-खाली झाला तरी मेंदू आपला रक्तपुरवठा स्वतःच सांभाळतो. गाढ थंडीत ही सांभाळण्याची शक्ती लोपते, आणि यंत्राने दाब जसा द्यावा तसा प्रवाह वाहतो. फार कमी दिला तर काही ऐकूच येईनासे होते. याहून अस्वस्थ करणारे निरीक्षण असे, की अभिसरण पूर्ण थांबवून पुन्हा सुरू केल्यावर मेंदूतील प्रवाह लगेच पूर्ववत् होत नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये एरवी जो संथ प्रवाह चालू राहतो, तो काही काळ हरपलेला असतो. ओठ गुलाबी झालेले असतात, हृदय ठोके देत असते, आणि मेंदूची वाट मात्र अर्धवट बंद असते. जो रंग पाहून १९४५ साली सर्वांना धन्य वाटले, तो रंग येथे पुरेसा साक्षीदार राहिला नाही.

ही निरीक्षणे चालू होती त्याच काळात, १९८८ ते १९९२ या वर्षांत, बॉस्टनच्या बालरुग्णालयात एक चाचणी झाली. महाधमन्या उलट जोडलेल्या १७१ बालकांवर शस्त्रक्रिया करताना एका गटात मुख्यतः अभिसरण पूर्ण थांबविले, दुसऱ्यात मुख्यतः यंत्राने मंद प्रवाह चालू ठेवला. कोणते मूल कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले होते. १९९३ आणि १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थांबविलेल्या गटात शस्त्रक्रियेनंतर आकडी येण्याचे प्रमाण अधिक होते, आणि वर्षाच्या वयात हात-पाय हालविण्याच्या कौशल्यात ती मुले मागे होती. पुढे याच मुलांच्या माहितीवरून असा अंदाज निघाला की सुमारे ४१ मिनिटांपर्यंतचा विराम फारसा घातक ठरत नाही, त्यापुढे मात्र हानी वाढत जाते. भिंतीवरच्या घड्याळाला अखेर एक आकडा मिळाला. तो घड्याळाने वा डॉप्लरने दिलेला नव्हता. मुलांच्या आईबापांनी वर्षानुवर्षे त्यांना तपासणीला आणले, त्यातून तो मिळाला.

टाळूवरच्या प्रोबचा रोजचा उपयोग याहून साधा आणि, मला वाटते, अधिक मोलाचा आहे. डोक्याकडून परतणारे रक्त वरच्या महाशिरेतून येते. यंत्राची नळी तेथे जरा जरी वाकडी बसली तरी रक्त डोक्यात तुंबते. इतर दाब मात्र ठीक दिसत राहू शकतात. अशा वेळी मेंदूतील प्रवाहाचा सूर एकाएकी पडतो आणि नळी सरळ करताच पुन्हा चढतो. रक्तात हवेचे बुडबुडे शिरले तर प्रत्येक बुडबुड्याचा टिचकीसारखा आवाज येतो. या चुका तेथल्या तेथे सुधारता येण्यासारख्या आहेत, फक्त त्या ऐकू आल्या पाहिजेत.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. डॉप्लर वेग मोजतो, रक्ताचे परिमाण नव्हे. नदी अरुंद झाली तरी पाणी वेगाने धावते. धमनीची रुंदी बदलली तर वेगाच्या आकड्यावरून काढलेला अर्थ फसतो. प्रोब बोटभर सरकला की सूर हरवतो, आणि शस्त्रक्रिया चालू असताना तो धरून कोण बसणार? या अडचणीमुळेच कपाळावर चिकटवावयाचे आणि प्रकाशाच्या साहाय्याने मेंदूतील प्राणवायूचा अंदाज देणारे दुसरे उपकरण अनेक ठिकाणी अधिक प्रचारात आले. ते वापरावयास सोपे, पण प्रवाह ते दाखवीत नाही.

आणखी एक गुंता आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हृदयाचे गंभीर व्यंग असलेल्या नवजात बालकांचा मेंदू शस्त्रक्रियेपूर्वीच अपेक्षेहून अपक्व असल्याचे चुंबकीय तपासणीत दिसले. गर्भातच त्याला पुरेसे पोषण मिळाले नव्हते, असे दिसते. बॉस्टनच्या चाचणीतील मुले आठ वर्षांची झाली तेव्हा दोन्ही गटांत शिकण्या-बोलण्याच्या काही अडचणी आढळल्याच होत्या. म्हणजे टेबलावरच्या त्या चाळीस मिनिटांवर सारा दोष ढकलता येत नाही. आपण शस्त्रक्रियेनंतरच्या उणिवेचा हिशेब मांडू लागलो आणि ध्यानात आले की खाते त्याआधीच उघडलेले होते.

ज्या ट्रॉनहाइममध्ये हाटले यांनी वेगावरून दाब काढला, तेथेच अलीकडे तान्ह्या मुलांसाठी एक लहानसा प्रोब तयार झाला असून त्याविषयीचे लेखन २०२० साली प्रसिद्ध झाले. तो कुणी हाताने धरावयाचा नाही. टोपीखाली, बरोबर टाळूवर, तो बांधून ठेवावयाचा, आणि तो मेंदूकडचा प्रवाह एकाच वेळी निरनिराळ्या खोलींवर तासन् तास टिपत राहतो. भूल देण्याच्या क्षणी काय घडते, शस्त्रक्रियेनंतर पहिल्या रात्री काय घडते, हे त्यामुळे प्रथमच सलग पाहता येऊ लागले आहे. कोणत्या आकड्याला घाबरावयाचे आणि कोणत्याला नाही, हे ठरविण्याचे काम तेथे आणि अन्यत्र चालू आहे.